फंडातली कादंबरी

‘फंडातली कादंबरी’ हा शब्द गेल्या काही वर्षांत आपल्या मंडळींत चांगलाच रुळला आहे. परिसंवादात कुणीतरी तो उच्चारतो, मंचावरचे हसतात, समोरचेही हसतात आणि चर्चा पुढे सरकते. अर्थ असा की माणूस निवृत्त झाला, फंड हातात आला, हज झाली, मुलीचे लग्न झाले, घराला रंग लागला आणि तरीही थोडे उरले तर त्याने कादंबरी छापली. स्वतः लिहिली, स्वतः छापली, स्वतःच वाटली. यात हसण्यासारखे काय आहे, हे मला अजून कुणी नीट समजावून सांगितलेले नाही. म्हणून हा शब्द जरा उसवून पाहायचे ठरवले. त्यात वयावर टोमणा आहे, पैशावर आहे आणि सगळ्यात मोठा टोमणा ‘स्वतः’ या शब्दावर आहे.

वयाचे आधी घेऊ. आपल्या लेखकाकडे मराठी कुठून येते याचा हिशेब हे हसणारे लोक कधी करत नाहीत. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझ्या वर्गातले मूल घरी दखनी बोलते, शाळेत उर्दू वाचते आणि मराठी त्याच्या वाट्याला येते ती द्वितीय भाषा म्हणून. नववी-दहावीला मराठी माध्यमाच्या मुलाच्या हातात ‘कुमारभारती’ असते, आमच्या मुलाच्या हातात ‘अक्षरभारती’. पुस्तक वाईट नाही, मी त्याला नावे ठेवणार नाही. पण त्या पुस्तकातून मुलाला मार्क मिळतात, भाषा मिळत नाही. भाषा मिळते ती पुढे. तहसील कचेरीत, रेशनच्या रांगेत, एसटीच्या डेपोत, कोर्टाच्या तारखांना, सरकारी दवाखान्याच्या केसपेपरवर. शिक्षकाला ती मिळते वरिष्ठांच्या परिपत्रकांतून आणि जनगणनेच्या, मतदारयादीच्या कामाला परक्या वस्तीत दारोदार फिरताना. वीस-पंचवीस वर्षे ही मराठी कानात मुरते. तिचे व्याकरण चुकते, पण तिच्यात माणसे असतात. ज्याच्या घरात आजोबांपासून ‘ज्ञानेश्वरी’ आणि दिवाळी अंक आले त्याने पंचविसाव्या वर्षी कादंबरी लिहिली तर नवल नाही. आमच्या माणसाने ती साठाव्या वर्षी लिहिली तर तो उशिरा आला असे म्हणणे हे गणितच चुकीचे आहे. त्याची गाडी दुसऱ्या स्टेशनातून सुटली होती.

उर्दूतले उदाहरण देते, म्हणजे हे केवळ मराठीचे रडगाणे आहे असे वाटायला नको. कुर्रतुलऐन हैदर यांची ‘आग का दरिया’ १९५९ साली आली तेव्हा त्या तिशीच्या आसपास होत्या. पण त्यांचे वडील सज्जाद हैदर यल्दरम आणि आई नज्र सज्जाद हैदर, दोघेही लेखक. घरातच कुतुबखाना, घरातच संपादक. उलट शम्सुर्रहमान फारुकी पाहा. जन्म १९३५ चा. नोकरी टपाल खात्यात, ती १९९४ मध्ये संपली. समीक्षक म्हणून नाव आधीच मोठे होते, पण कादंबरी? ‘कई चाँद थे सरे-आसमाँ’ आली २००६ मध्ये, म्हणजे सत्तरीत. आज उर्दूतल्या मोठ्या कादंबऱ्यांची यादी तिच्याशिवाय कुणी करत नाही. पुढे त्यांनी स्वतःच ती इंग्रजीत नेली, ती २०१३ मध्ये आली, तेव्हा ते अठ्ठ्याहत्तरीला टेकले होते. आणि आणखी एक गोष्ट, जी आपले हसणारे लोक सोयीने विसरतात. कादंबरीच्या आधी फारुकींनी ज्या कथा लिहिल्या त्या पहिल्यांदा ‘शबखून’मध्ये छापून आल्या, तेही दुसऱ्यांच्या नावाने. ‘शबखून’ कुणाचे? त्यांचेच. १९६६ पासून जवळजवळ चार दशके अलाहाबादेतून निघालेले ते मासिक त्यांच्या घरातून चालत होते आणि त्याचा मोठा भार त्यांच्या पत्नी जमीला फारुकी यांनी उचलला होता. बाई शिक्षणक्षेत्रात नोकरी करत होत्या. म्हणजे उर्दू कथेतल्या एका मोठ्या वळणामागे एका शिकवणाऱ्या बाईचा पगार उभा आहे. त्याला कुणी ‘पगारातला अफसाना’ म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

बायकांच्या बाबतीत तर वयाचा टोमणा मला अगदीच निर्लज्ज वाटतो. आपल्या वस्तीतल्या बाईला बसायला खुर्ची आणि लिहायला दुपार कधी मिळते? सासू जिवंत असेतो नाही, मुले शाळेत जात असेतो नाही, मुलीच्या बाळंतपणात नाही. नोकरी करणारी असेल तर संध्याकाळचे पाणी आणि सकाळची शाळा यांच्यामध्ये जे उरते ते तिचे. पन्नाशीनंतर कुठे तिला स्वतःचा कप्पा मिळतो, आणि तिथे ती वही ठेवते. त्या वहीला हसायचे?

आता पैशाकडे येते. येथे मात्र मला थोडा राग येतो, तो लपवत नाही.

आमच्या ओळखीच्या एक आपा आहेत, उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या. नाव देत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी यंत्रमागाच्या गावावर मराठीत कादंबरी लिहिली. कांड्या भरणारी एक बाई, तिची शाळेत जाणारी मुलगी, साचे चालू असतानाचा आवाज आणि वीज गेल्यावरची शांतता, असे तिचे जग आहे. डेमी आकाराची २४० पाने, म्हणजे सोळा पानी १५ फॉर्म. हस्तलिखित घेऊन आपा एका प्रकाशकाकडे गेल्या. वाचायला सहा महिने लागले, म्हणजे वाचले असे धरून चालू. मग उत्तर आले की पुस्तक ‘सहभाग तत्त्वावर’ करता येईल. सहभाग म्हणजे आपांनी सव्वा लाख रुपये द्यायचे, प्रकाशकाने नाव द्यायचे, आणि शंभर प्रती आपांना मिळायच्या. उरलेल्या किती छापणार, कुठे विकणार, हिशेब कधी देणार, यावर एक ओळ नाही. आपांनी चहा संपवला आणि उठल्या. गावातल्याच छापखान्यात पाचशे प्रती केल्या. अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी मिळून एकूण ऐंशी हजारांच्या आसपास खर्च आला. आत ठळक अक्षरांत छापले, प्रकाशक : लेखिका.

आता मला सांगा, या दोन पुस्तकांत फरक काय झाला असता? पैसा दोन्हीकडे आपांचाच. फंड दोन्हीकडे तोच. पहिल्या पुस्तकावर एका प्रकाशनाचे बोधचिन्ह आले असते आणि ते पुस्तक संमेलनातल्या टेबलावर मानाने ठेवले गेले असते. दुसऱ्यावर खरे लिहिले म्हणून ते टेबलाखाली गेले. आपल्यातल्या किती कवितासंग्रहांवरची बोधचिन्हे अशी विकत घेतलेली आहेत, हे येथे वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक आहे, कारण त्यांनीच ती घेतली आहेत. मी त्यांना दोष देत नाही. पण विकत घेतलेल्या नावाखाली बसून स्वतःच्या नावाने छापणाऱ्याला हसू नये, एवढी तरी शरम असावी.

उर्दूत ही लाज नाही, हे मी मुद्दाम सांगते. आमच्या शाळेच्या कपाटातली उर्दू पुस्तके काढून पाहा. आतल्या पानावर सरळ लिहिलेले असते, ‘नाशिर : मुसन्निफ’. प्रकाशक म्हणजे लेखकच. खाली ‘मिलने के पते’ असतात, त्यात दोन-तीन बुकडेपो आणि शेवटी लेखकाच्या घराचा पत्ता, मशिदीच्या मागची गल्ली असे धरून. अकादमीची अर्धीमुर्धी मदत मिळाली असेल तर तेही छापलेले असते. कुणी लपवत नाही, कुणी हसत नाही. पुस्तक चांगले असेल तर मुशायऱ्याच्या दारात संपते, वाईट असेल तर घरात पडते. मराठीत आल्यावरच आमच्या माणसाला कळते की स्वतःचे पुस्तक स्वतः छापणे ही खाली मान घालायची गोष्ट आहे.

आणि मराठीत तरी ती केव्हापासून झाली? जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ १८५५ साली दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले. पुढचे फुले कमिटीच्या दारात उभे राहिले असते तर? ‘शेतकऱ्याचा असूड’ छापताना तर त्यांच्याच चळवळीच्या पत्राने हात आखडता घेतला होता. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले, पाचशे प्रती. त्या पाचशे प्रतींना ‘एवढ्याच?’ म्हणून हसणारे तेव्हाही असतील. प्रेमचंद शाळामास्तर होते, उर्दूत लिहायचे. ज्या कादंबरीने त्यांचे नाव झाले ती त्यांनी उर्दूत आधी लिहिली आणि छापून मात्र हिंदीत आधी आली, ‘सेवासदन’ म्हणून. १९२३ साली त्यांनी बनारसला स्वतःचा सरस्वती प्रेस काढला. तो तोट्यात गेला, आणि छापखान्याच्या, मासिकांच्या कर्जापायी १९३४ साली त्यांना मुंबईच्या सिनेमात नोकरी धरावी लागली.

साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकांचा अभिमान तर मराठी समीक्षा अजून बाळगून आहे. पदरचे पैसे घालून, सायक्लोस्टाइल करून, मित्रांत वाटून काढलेले अंक. १९७६ साली अरुण कोलटकर आणि आणखी तीन कवींनी मिळून ‘क्लिअरिंग हाऊस’ काढले ते स्वतःचीच पुस्तके छापायला. ‘जेजुरी’ त्यातून आली आणि पुढच्याच वर्षी तिला कॉमनवेल्थ पारितोषिक मिळाले. हे सगळे योग्यच झाले. पण मुंबईत कॉलेज शिकलेल्या तरुणांनी स्वतः छापले की ती चळवळ होते, आणि तालुक्याच्या गावातल्या निवृत्त मुसलमान मास्तरणीने छापले की ती हौस होते, हे कुठले शास्त्र?

आता ‘स्वतः’वर येते. माझ्या मते खरा प्रश्न इथेच आहे.

आपांच्या कादंबरीचे मुद्रितशोधन पहिल्यांदा एका चांगल्या, शिकलेल्या गृहस्थांकडे दिले होते. त्यांनी मनापासून काम केले. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, ते उपकारच. पण त्याबरोबर ‘खाला’ची ‘मावशी’ केली, ‘फुफी’ची ‘आत्या’ केली, ‘दुवा’च्या जागी ‘प्रार्थना’ आली आणि एका ठिकाणी ‘मय्यत’ची ‘अंत्ययात्रा’ झाली. वाचकाला सोपे जावे म्हणून. आपांनी तीन रात्री बसून लाल पेनाने सगळ्या खाला परत आणल्या. त्या म्हणाल्या, “खाला ही मावशीच असते हे मलाही कळतं. पण माझ्या कादंबरीतली पोर तिला मावशी म्हणून हाक मारेल तर ती वळून बघणार नाही.” मी बी.एड.ला मातृभाषेतून अध्यापन या विषयावर पानेच्या पाने लिहिली होती, त्या सगळ्यात हे वाक्य नव्हते.

प्रकाशक दुसरा असता तर खाला परत आली असती का? आली असती कदाचित. पण त्यासाठी आपांना विनंती करावी लागली असती, आणि स्वतःच्या पुस्तकात आपल्या नातेवाइकांना येऊ द्या म्हणून विनंती करायची, हे साठीत जमत नाही. ‘प्रकाशक : लेखिका’ या शब्दांचा अर्थ तेवढाच आहे की शेवटचा लाल पेन तिच्या हातात राहिला.

दुसरा दरवाजा याहून चिवट आहे आणि त्याची किल्ली आपल्याच लोकांकडे आहे. त्याच हस्तलिखितावर आपल्यातल्या एका जाणत्या वाचकाचे मत मागितले होते. ते म्हणाले, भाषा बरी आहे, माणसे खरी आहेत, “पण यात मुस्लिम प्रश्न कुठे आहे?” म्हणजे तलाक नाही, दंगल नाही, बॉम्बस्फोटानंतरची धरपकड नाही, बुरखा आहे पण त्यावर भाषण नाही. कांड्या भरणाऱ्या बाईला हजार कांड्यांमागे किती मिळतात, मुलीची फी कशी भरते, नळाला पाणी रात्री दोनला येते, दीर सौदीहून पैसे पाठवणे बंद करतो, हे सगळे आहे. यात मुस्लिम प्रश्न नाही! १९८४ ची भिवंडी, १९९२-९३ ची मुंबई, २००६ आणि २००८ चे मालेगाव, हे कुणी विसरावे असे मी म्हणत नाही. जिच्या घरातून माणूस गेला ती विसरू शकतही नाही. पण ज्या दिवशी काहीच घडले नाही, असे दिवस आमच्या आयुष्यात जास्त आहेत, आणि कादंबरी त्या दिवसांचीच होते. बाहेरच्या प्रकाशकाला आमच्याकडून जखम हवी असते, आतल्या पुढाऱ्याला निवेदन हवे असते. दोघांनाही नको असलेली गोष्ट जिला लिहायची आहे तिने छापखान्याची पायरी चढू नये तर काय करावे?

१९६५ साली हमीद दलवाईंची ‘इंधन’ आली. त्यातले कोकणातले गाव, त्यातली माणसे, त्यांचे आपसातले हेवेदावे आणि आगीचे क्षण, हे वाचताना आजही धक्का बसतो. पुढे दलवाईंचा वेळ समाजकारणाने खाल्ला आणि १९७७ मध्ये, चव्वेचाळिसाव्या वर्षी ते गेले. मतभेद असणाऱ्यांनीसुद्धा कबूल करावे असे त्यांचे हे पुस्तक आहे. पण त्यानंतर काय? १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, तेव्हापासून आपल्याकडे कविता अमाप झाली, वैचारिक लेखन झाले, आत्मकथने झाली. कादंबरीचा कप्पा मात्र हलकाच राहिला. त्याचे कारण प्रतिभेत शोधू नका. कादंबरीला वेळ लागतो, घरात शांतता लागते, महिन्याला काहीतरी येत राहावे लागते. कविता बसमध्ये होते. आपल्या समाजात हा वेळ आणि हे महिन्याचे पैसे ज्यांना मिळतात ते बहुतेक पेन्शनवाले आहेत. म्हणजे उद्याची मुस्लिम मराठी कादंबरी लिहिणार कोण, तर ज्यांना आपण हसतो तेच.

आणि ही सोयही फार दिवस टिकणार नाही, हे जाता जाता सांगते. नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्या माझ्यासारख्यांना जुनी पेन्शन नाही आणि तसा फंडही नाही. आमच्यातल्या कित्येकांची पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून सहा हजारांवर गेली. तेव्हा निर्धास्त राहा, आमच्या पिढीची ‘फंडातली कादंबरी’ तुम्हाला वाचावी लागणार नाही.

एवढे बोलल्यावर स्वतः छापणाऱ्यांची बाजू घेऊन गप्प बसले तर ते खोटे होईल. आमच्याकडची स्वयंप्रकाशित पुस्तके वाईट दिसतात, आणि पुष्कळ वेळा वाईट असतातही. त्यांना वय कारण नाही, लेखकांची घाई कारण आहे. पहिला खर्डाच छापायला जातो. चार मान्यवरांचे ‘दोन शब्द’ मिळून बत्तीस पाने होतात आणि त्या चौघांपैकी तिघांनी पुस्तक वाचलेले नसते. मग लेखकाचे मनोगत, मग आभार, त्यात तालुक्यातले कुणीही राहत नाही. मुखपृष्ठावर चंद्र, मिनार आणि गुलाब. प्रकाशन सोहळा मात्र दणक्यात. मंडप, शाली, फ्लेक्स, दीडशे माणसांची बिर्याणी. मी असे सोहळे पाहिले आहेत जिथे बिर्याणीवर तीस हजार गेले आणि मुद्रितशोधनावर तीन हजारही खर्चलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी गठ्ठे पलंगाखाली जातात. पाहुणा आला की एक प्रत सही करून द्यायची. पाहुणाही ती घरी नेऊन पलंगाखालीच ठेवतो.

छापणे म्हणजे प्रकाशित करणे, हा यातला मूळ गैरसमज आहे. आपांचाच हिशेब मांडते, त्यांनी परवानगी दिली आहे. एका प्रतीला खर्च १६० रुपये. किंमत ठेवली ३००. विक्रेत्याला चाळीस टक्के सूट दिली की हातात येतात १८०. पाचशेच्या पाचशे प्रती दुकानातून गेल्या तरी शिल्लक राहतात दहा हजार. त्यातून समीक्षणाला, नातेवाइकांना, शाळेला पन्नास प्रती गेल्या की त्या दहा हजारांतले जेमतेम एक हजार उरतात. १९५४ च्या कायद्याप्रमाणे राष्ट्रीय ग्रंथालयाला एक आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक अशा चार प्रती पाठवायच्या असतात. किती स्वयंप्रकाशित लेखकांना हे ठाऊक आहे? चार प्रतींचा खर्च होतो, पण पन्नास वर्षांनी कुणी शोधायला आले तर पुस्तक सापडते. आपल्यातली कित्येक पुस्तके आज सापडत नाहीत. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या सरकारी संस्थेकडून लेखकाला फुकट मिळतो, तरी तो ‘काढून देण्याचे’ पैसे घेणारे बसलेले आहेत आणि देणारेही आहेत. टपालाचे पूर्वीचे बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाले, मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आली. त्या दराने पुस्तके पाठवता येतात, पण टपाल कचेरीत जाऊन विचारावे लागते. राज्यात सरकारी अनुदान घेणारी दहा हजारांहून जास्त सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यातली शंभर जरी आपल्या मुलखातली धरली आणि प्रत्येकाने एक प्रत घेतली तरी आवृत्तीचा पाचवा भाग गेला. पण ग्रंथालये खरेदी करतात ती मोठ्या विक्रेत्यांकडून गठ्ठ्याने, मार्चअखेर, जास्तीत जास्त सूट देणाऱ्याकडून. तिथे एकट्या आपा पिशवी घेऊन पोचू शकत नाहीत. मोहल्ल्यातले आपले वाचनालय तरी पोचू देते का? आमच्या गावातल्या वाचनालयात उर्दू वर्तमानपत्रे आहेत, स्पर्धा परीक्षांची पुस्तके आहेत, आपल्याच गावात लिहिलेली मराठी कादंबरी नाही. विचारले तर म्हणाले, “भेट द्या, ठेवतो.”

संपादनाचे काय, हाही प्रश्न खरा आहे आणि त्याला ‘मी माझी मुखत्यार’ हे उत्तर पुरत नाही. लाल पेन आपल्या हातात ठेवणे वेगळे आणि कुणाच्या हातात न देणे वेगळे. आपांची कादंबरी मी हस्तलिखितात वाचली तेव्हा ती तीनशे पानांची होती. मधली शाळा-तपासणीची चाळीस पाने मला कंटाळवाणी वाटली, मी तसे म्हटले. त्या दोन आठवडे माझ्याशी बोलल्या नाहीत. नंतर त्यांनी ती काढलीच, वर आणखी वीस त्यांची त्यांनीच काढली. एवढेच हवे असते. पण हे सांगणारे माणूस प्रत्येकाला शेजारी मिळत नाही, आणि आपल्याकडे एकमेकांना असे सांगायची रीत राहिलेली नाही. तोंडावर वाहवा आणि पाठीमागे ‘फंडातली कादंबरी’.

साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, पहिल्या पुस्तकासाठी. आपल्यातल्या साठीच्या माणसाला ती सांगितली की तो म्हणतो, ती पोरांसाठी असेल. ‘नवलेखक’ या शब्दात ‘नव’ हे लेखनाला लागले आहे की वयाला, एवढे तरी त्याला कुणी समजावून सांगावे.

तेव्हा माझे म्हणणे संमेलन भरवणाऱ्यांना आणि अशा वार्षिकांच्या संपादकांना आहे, आणि ते सरळ आहे. पुरस्कारांच्या आवाहनात ‘स्वयंप्रकाशित पुस्तके पाठवू नयेत’ ही जी ओळ काही ठिकाणी असते ती काढून टाका. एका स्पर्धेने आपांचे पाकीट या ओळीवर बोट ठेवून न उघडता परत केले, टपालखर्च आपांचा. पुस्तक वाचून नाकारा, हजारदा नाकारा. दर वार्षिकात दोन तरी पाने ‘प्रकाशक : लेखक’ असलेल्या पुस्तकांच्या परीक्षणाला द्या, आणि परीक्षण म्हणजे परीक्षणच, अभिनंदन नको. वाईट असेल तर वाईट लिहा, लेखक दोन आठवडे बोलणार नाही, मग बोलेल. संमेलनात मंडप, बिर्याणीच्या खर्चातला थोडा भाग काढून एक टेबल लावा, तिथे ही पुस्तके छापील किमतीत विकायला ठेवा आणि संध्याकाळी प्रत्येकाला त्याचे पैसे मोजून द्या.

आणि एक वाचन मंडळ करा. छापण्याआधी हस्तलिखित तिघांनी वाचायचे, नावानिशी, सहा आठवड्यांत लेखी मत द्यायचे. ते मानायचे की नाही हे लेखकाने ठरवायचे. मानधन नाही, पण येण्याजाण्याचा आणि झेरॉक्सचा खर्च संमेलनाने द्यावा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तीन हस्तलिखिते वाचायला तयार आहे, उर्दू असोत की मराठी, सुवाच्य अक्षर असावे एवढीच अट. आपा दोन वाचतील म्हणाल्या, पण कवितासंग्रह पाठवू नका असा त्यांचा निरोप आहे. बाकीच्यांनी आपापला आकडा संपादकांकडे कळवावा.